चौदा फुटांवरची टिचकी

यंदा टॅमरॅकच्या तळ्यावरचा बर्फ मे महिन्याच्या सहा तारखेला फुटला आणि चारच दिवसांनी, नियमाप्रमाणे शनिवारी, मासेमारीचा हंगाम उघडला. माणसं बोटी घेऊन हजर झाली. शायनर मात्र आले नाहीत. शायनर ही बोटभर लांबीची चंदेरी मासळी. पाणी जरा तापलं की ती अंडी घालायला काठाशी येते, तेव्हा तिला जाळ्यात धरायचं आणि जिवंतच गळाला लावायचं. वसंतात वॉलआय हा तळ्यातला मोठा मासा धरायचा तर हेच आमिष, असं इथे तीन पिढ्या चालत आलेलं. पण पाणी बेचाळीस अंश फॅरनहाइटच्या वर सरकेना, मासळी काठाला लागेना, आणि मार्सीच्या दुकानातली आमिषाची टाकी नुसतेच बुडबुडे सोडत बसली होती.

बुधवारी सकाळी सहा वाजता मार्सीने काउंटरवर दोन पाकिटं टाकली. एकात पांढरे, एकात पिवळट हिरवे, मऊ प्लास्टिकचे तीन-तीन इंची मासे, प्रत्येकाची शेपूट वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी.

"घ्या. आजपासून हेच."

"एकेचाळीस वर्षं मी गळाला रबर लावलेलं नाही," ऑरिन हॉगसेट म्हणाला.

"माहीत आहे. त्यातली निदान तीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय." ऑरिनला या रिसॉर्टवर मार्सीच्या वडिलांनी ठेवलं होतं. पाहुण्यांना तळ्यावर नेऊन मासे दाखवायचे, हे त्याचं काम; नेडीन हेच काम करणारी दुसरी. "आणि त्या डुलुथहून येणाऱ्या पाहुण्यांचं काय करू? दुपारी त्यांचा फोन येणार. मे-जूनमधले मिळून बावीस दिवस त्यांना तळ्यावर नेणारा माणूस हवाय. तुमचं नाव सांगू की नेडीनचं?"

"दुपारी धक्क्याला लागलो की सांगतो."

"शनिवारपासून तुम्ही दुपारीच सांगताय."

"मग आज खरंच सांगतो."

मार्सीला वाटलं, म्हातारा रबरावरून रुसलाय. गावातही सगळ्यांना तसंच वाटत होतं. कुणी दक्षिणेकडून आणून दिलेली अर्धी बादली शायनर ऑरिनने पहिले चार दिवस जपून जपून वापरली, त्याचीही थट्टा झाली होती. ऑरिनने ती होऊ दिली. हट्टी म्हणवून घेणं त्याला परवडत होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. जिवंत मासळी वॉलआयच्या तोंडात गेली की तो ती दोन-तीन सेकंद धरून ठेवतो. माणसाने गळाच्या काठीचं टोक जरा खाली करायचं, मनात तीन मोजायचे आणि उचलायचं. तोवर माशाचं वजन कोपरापर्यंत आलेलं असतं. रबराचं तसं नाही. मासा ते तोंडात घेतो, फसवणूक ओळखतो आणि सेकंदाच्या आत थुंकून टाकतो. तेवढ्यात गळाच्या नायलॉन दोऱ्यावरून, तंगुसावरून, एक टिचकी वर येते, कुणी दाराच्या काचेवर नखाने एकदाच वाजवावं तशी. ती बोटांना कळली तर मासा आपला.

ऑरिनच्या बोटांना नाताळपासून काही कळत नव्हतं. आतड्याच्या दुखण्यावरचं औषध सहा महिने चाललं. औषधाने आतड्यात आपलं काम केलं, असं डॉक्टर म्हणाले, पण जाताना हातापायांची संवेदना घेऊन गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत बोटं जाड मोजे घातल्यासारखी, आणि थंडी लागली की त्यांत सुया. परत येईल का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी तीन उत्तरं एकाच सुरात दिली होती: वर्षभरात येईल, दोन वर्षं लागतील, किंवा येणार नाही. दुखणं अख्ख्या गावाला माहीत होतं. त्या पहिल्या आठवड्यात दारात सात जणींनी हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाची, भांडी आणून ठेवली होती. बोटांचं फक्त इनेझला माहीत होतं, कारण रोज सकाळी नवऱ्याच्या शर्टाची बटणं तीच लावत होती.

धक्क्यावर स्टेफेस भावंडं येऊन थांबली होती. विस्कॉन्सिनहून एकोणीस वर्षं न चुकता येणारी. रॉबर्टा सत्तरीला टेकलेली, जन्मभर गाईगुरांची डॉक्टर. गॉर्डी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला. टँकरमध्ये एकट्याने काढलेल्या वर्षांचं न बोललेलं सगळं तो आता बोलत होता.

"ऐकलं ते खरं का?" गॉर्डी बोटीत पाय टाकता टाकताच म्हणाला. "ऑरिन हॉगसेट रबर लावणार? थांब, बायकोला फोन करून सांगतो. नाही, नको. तिचा विश्वास बसायचा नाही."

"बस खाली, बोट हलतेय," ऑरिन म्हणाला.

"सुप्रभात, ऑरिन," रॉबर्टा म्हणाली. "बारीक झालास."

"तुम्ही नाही झालात, डॉक्टर."

"चांगलं आहे. जीभ शाबूत आहे."

तळ्यातल्या बंडखडकाच्या उत्तरेला पाण्याखाली एक कडा आहे. तिथे तळाची खडी संपून चिखल सुरू होतो, आणि गार पाण्यात वॉलआय त्या सीमेवर चौदा फूट खोल पडून राहतात. ऑरिनने बोट तिथे नेली, पुढची विजेची मोटर पाण्यात सोडून एका जागी धरली आणि जिग तयार करायला घेतले. जिग म्हणजे मानेशी शिशाची गोळी ओतलेला गळ. गाठी त्याने रात्रीच चिमट्याने मारून ठेवल्या होत्या, पण रबर आत्ताच चढवायचं होतं. गळाचं टोक माशाच्या नाकातून घालायचं, पोटातून अगदी मधोमध न्यायचं आणि पाठीतून बाहेर काढायचं. केसभर तिरकं गेलं तरी ते पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि तंगूस पिळवटून जातं. हे काम लोक गप्पा मारता मारता करतात. ऑरिन ते डोळ्यांपाशी धरून, सुईत दोरा ओवावा तसं करत होता. पहिलं तिरकं गेलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याचं पोट बाजूने उघडलं.

"मार्सीने किती पाकिटं दिलीत?" गॉर्डीने विचारलं. "नाही, दुपारपर्यंत पुरतील का, एवढंच विचारतोय."

"तुझं तू लाव."

"माझं केव्हाच लावून झालं. पाण्यातसुद्धा गेलं. हा बघ," असं म्हणत गॉर्डीने हिसका दिला आणि त्याची काठी वाकली.

पाऊण किलोचा वॉलआय वर आला. सोनेरी पाठ, काचेच्या गोटीसारखे डोळे. रॉबर्टाने जाळी लावली. ऑरिनने चिमट्याने गळ काढला, आणि चिमटा बरोबर लागलाय की नाही हे बघायला दोनदा वाकला.

नंतरचा तास असाच गेला. जिग तळाला टेकवायचा, सहा इंच उचलायचा, तंगूस अगदी सैल न सोडता खाली जाऊ द्यायचा आणि थांबायचं. गार पाण्यात मासा धावत येत नाही. घाई करणाऱ्याला काही मिळत नाही, हे ऑरिनच एकोणीस वर्षं त्यांना सांगत आला होता. गॉर्डीने चार धरले. रॉबर्टाने दोन धरून एक सोडला. ऑरिनने काही धरलं नाही.

मासे त्याला लागत नव्हते असं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जिग वर काढला की रबर मानेपासून घसरून गळाच्या वळणात गोळा झालेलं असायचं. एकदा शेपूटच गायब होती. एकाच्या दोन्ही बाजूंना दातांच्या बारीक टोचा होत्या, समोरासमोर, स्टेपलरने मारल्यासारख्या. म्हणजे मासा आला, चावला, थुंकला आणि गेला, आणि चौदा फुटांवर हे सगळं होत असताना काठी धरलेला माणूस पलीकडच्या झाडांकडे बघत होता. ऑरिनने ते रबर काढून खिशात टाकलं आणि नवीन घेतलं. तो फार थकला होता. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.

"तू काय करतोयस ते मला कळलंय," गॉर्डी म्हणाला. "तू त्याला खायला वेळ देतोयस. काठीचं टोक खाली, एक, दोन, तीन. अरे, रबर आहे ते. तो काय चावून चावून गिळणार आहे?"

"हो," ऑरिन म्हणाला. "जुनी सवय."

त्याला हायसं वाटलं. एवढं सोपं कारण त्याला स्वतःलाही सुचलं नसतं.

रॉबर्टाने ऑरिनच्या काठीकडे पाहिलं आणि मग त्याच्या हातांकडे.

साडेनऊला गॉर्डीला किनाऱ्यावर जायचं होतं. कॉफी, वय आणि थंडी, असं त्याने कारणही दिलं. ऑरिनने त्याला जवळच्या एका बेटावर उतरवलं. येताना थोडी सुकी लाकडं आण म्हणजे दुपारी मासे तळता येतील, असं रॉबर्टाने सांगितलं. तो नजरेआड झाला. ऑरिनने बोट पुन्हा कड्यावर आणली.

"तू टोक खाली केलं नव्हतंस," रॉबर्टा म्हणाली.

"काय?"

"गॉर्डी म्हणाला ना, तू त्याला वेळ देतोस. मी बघत होते. तू काहीच केलं नाहीस. हात इकडे आण."

"डॉक्टर, मी गाय नाही."

"गाय असतास तर एव्हाना चार माणसांनी धरून ठेवला असता. आण."

त्याने उजवा हात पुढे केला आणि तळ्याकडे बघत राहिला.

"मी नख टोचणार आहे. कुठल्या बोटाला ते सांग."

"टोचा."

"टोचून झालं," ती म्हणाली. "तिन्ही बोटांना."

पाण्यावर दोन लून पक्षी होते. त्यातला एक बुडाला. दुसरा वर यायची वाट बघत असल्यासारखा तिथेच थांबला.

"कधीपासून?"

"नाताळ. पायसुद्धा."

"मार्सीला माहीत आहे?"

"नाही. तिला आज बावीस दिवसांचं उत्तर द्यायचंय." बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "एकदा जमलं की जमेल असं वाटत होतं. बोटांनी नाही तर डोळ्यांनी. तंगूस पिवळं आहे, मासा लागला की ते हलतं, मी बघितलंय. जरा सराव पाहिजे फक्त."

"दाखव."

त्याने जिग सोडला. दोघं पिवळ्या रेघेकडे बघत बसली. उचल, सोड, थांब. बराच वेळ काही झालं नाही. मग पाण्यात शिरते त्या जागी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी उडाली आणि ऑरिनने हिसका दिला. रिकामा. रबर घसरलेलं.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"अर्धा सेकंद."

"अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही."

"माशाला पुरतो."

दुसऱ्या वेळी रॉबर्टाने आपल्या हातातला मोजा काढला, पुढे सरकली आणि त्याच्या रिळाच्या वर तंगुसाला दोन बोटं लावली. पस्तीस वर्षं तिने खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालून, काही न दिसता, वासराचा पाय कुठला आणि मान कुठली हे ओळखलं होतं. "मी सांगते तेव्हा ओढ," ती म्हणाली.

उचल, सोड, थांब.

"आता."

त्याने ओढलं. रिकामं. तिचं तोंड उघडेपर्यंत, ते त्याच्या कानात जाईपर्यंत आणि तिथून हातात उतरेपर्यंत मासा निघून गेला होता. पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रॉबर्टा काही बोललीच नाही. तिने दोन बोटांत धरलेलं तंगूस सरळ आपल्या छातीकडे खेचलं आणि सोडून दिलं, आणि काठी ऑरिनच्या हातात वाकली.

आता मात्र त्याला कळलं. मनगटात, कोपरात, खांद्यात. मोठा मासा होता, तळाशी दाबून राहिलेला, डोकं हलवणारा. प्रत्येक झटका दंडापर्यंत येत होता. ऑरिनला हे सगळं येत होतं. किती ओढायचं, कधी जाऊ द्यायचं, बोटीखाली शिरायला लागला की टोक पाण्यात कसं खुपसायचं. त्याने सात-आठ मिनिटं घेतली, खरं तर लागतात त्यापेक्षा जास्त. रॉबर्टाने जाळी लावली तेव्हा मासा दोन किलोंच्या आसपास भरेल असं दोघांनाही दिसलं. मादी होती, पोट अंडी टाकून सैल पडलेलं. ऑरिनने तिला पाण्यातच धरून गळ काढला आणि सोडून दिलं. ती क्षणभर त्याच्या हाताला टेकून राहिली असावी. त्याने बघितलं म्हणून त्याला कळलं.

"सोमवारी नांगराच्या दोरीने हात सोलला," तो म्हणाला. "घरी गेल्यावर इनेझने दाखवलं. दिवसभर रक्त येत होतं."

"आणि एखाद्या पाहुण्याच्या पोराच्या कानात गळ अडकला तर तू काढशील?"

गेल्या वर्षी त्याने असे दोन काढले होते. एक तर डोळ्याखाली होता.

"नाही," ऑरिन म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "नाही काढता यायचा."

रॉबर्टाने मोजा हातात चढवला. "मी दुसऱ्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर एक वर्ष रेटलं. सगळ्यांना सांगायचे, ठीक आहे. मग एका गोठ्यात एका चांगल्या गाईचं वासरू माझ्या हाताने गेलं. त्या शेतकऱ्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं." तिने काठी उचलली. "असो. तो बघ, हाका मारतोय."

बेटाच्या काठावर गॉर्डी कवेत लाकडं घेऊन उभा होता. "बघितलं मी," तो बोटीत चढताना म्हणाला. "झाडीतून बघितलं. काठी कशी वाकली होती. शेवटी रबराने धरलाच की नाही? एकोणीस वर्षं मी हेच..."

"तो डॉक्टरांचा मासा," ऑरिन म्हणाला.

"काठी तुझ्या हातात होती."

"काठी माझ्या हातात होती. मासा त्यांनी धरला. गॉर्डी, माझ्या बोटांना काही लागत नाही. औषधाने गेलं. सकाळपासून मासे येतायत आणि जातायत, मला पत्ता नाही."

गॉर्डीने लाकडं हळूच खाली ठेवली. मग त्याने नाक पुसलं.

"मग सकाळी ती तीन पाकिटं फाडलीस..."

"तीन मासे. पाकीट एकच."

"मी चेष्टा केली."

"तू नेहमीच करतोस."

"हो, पण ती..." गॉर्डी बाकावर बसला. "म्हणजे पुढल्या वर्षी आम्ही नेडीनबरोबर जायचं? ऑरिन, ती बाई दिवसभरात चार शब्द बोलते. मी मरून जाईन."

"ती मासे धरते," रॉबर्टा म्हणाली. "तू बोल, ती धरेल."

दुपारी त्यांनी बेटावर मासे तळले. बटाटे रॉबर्टाने कापले. सुरी ऑरिनने उचलली होती, ती तिने त्याच्या हातातून घेतली आणि त्याने घेऊ दिली. गॉर्डीने माशांचे काटे काढले.

एक वाजता बोट धक्क्याला लागली. मार्सी कानाला पेन खोचून उभीच होती.

"बोला."

"डुलुथवाल्यांना नेडीनचं नाव सांग."

मार्सीने पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं. "रबरावरून असेल तर ऐका, पुढच्या आठवड्यात शायनर येतील. पाणी काय असंच राहणार आहे?"

"रबरावरून नाही." त्याने दोन वाक्यांत सांगितलं. सकाळी गॉर्डीला सांगितलं होतं त्यापेक्षाही कमी शब्द लागले. मार्सीने त्याच्या हातांकडे पाहिलं नाही. तिने नजर त्याच्या तोंडावरच ठेवली, त्याबद्दल त्याला बरं वाटलं.

"दुकानात बसा मग," ती शेवटी म्हणाली. "लोक तुमच्याशी बोलायला येतात."

"बघू. आज नको विचारूस. झोप येतेय."

"आणि जुलैत? पाणी तापल्यावर? तेव्हा जळू लावून बोट हळू चालवायची असते, मासा गिळूनच बसतो..."

"आणि गळ कुणाच्या कानात गेला तर?" ऑरिन म्हणाला. "नाही, मार्सी. नेडीनचा नंबर लावून दे. तुझ्याच फोनवरून. माझ्याकडून बटणं दाबली जात नाहीत."

नेडीन कोस्की पलीकडच्या काठावर राहायची. वय चौतीस, आणि रबराशिवाय दुसरं आमिष तिने कधी वापरलंच नव्हतं. ऑरिन दुकानाबाहेरच्या बाकावर बसला आणि त्याने फोन दोन्ही तळव्यांत धरला.

"नेडीन, कागद घे. बंडखडकाच्या उत्तरेची जागा सांगतो."

"तुम्ही मला जागा सांगताय?"

"हो."

"माझ्या बाबांना तुम्ही एकदा खोटी जागा सांगितली होती. ते मरेपर्यंत बोलत होते."

"खोटी नव्हती. ऑगस्टातली होती, त्यांना मेमध्ये सांगितली. लिहून घे. बंडखडकावर ये आणि काठावरची पाण्याची टाकी त्या दुभंगलेल्या पाइनच्या बरोबर मधे दिसेल अशी बोट धर. मग उत्तरेला हळूहळू सरक. चौदा फूट. यंत्रावर सीमा दिसत नाही, ती जिगनेच शोधावी लागते. खडीवर असशील तोवर तो टेकताना कडकड करेल, प्रत्येक टेकणं वेगळं लागेल. मग एका उचलीनंतर काहीच लागणार नाही. जिग पोहोचला की नाही अशी शंका येईल. तो चिखल. तिथून एका बोटीच्या लांबीएवढं मागे ये आणि थांब."

पेन्सिल चालल्याचा आवाज आला. नेडीन लिहिताना ओठांतल्या ओठांत म्हणत होती: टाकी, पाइन, चौदा.

"झालं," ती म्हणाली. ती चार शब्दांची बाई असल्यामुळे ऑरिनने वाट पाहिली. "मी दर आठवड्याला फोन केला तर चालेल? काय मिळालं ते सांगायला."

"चालेल."

"आणखी एखादी जागा असेल तर..."

ऑरिनने तळ्याकडे पाहिलं. वारा पश्चिमेकडे फिरला होता आणि नदीच्या तोंडापाशी पाण्याचा रंग बदलत होता. ती जागा त्याने मार्सीच्या वडिलांनाही सांगितली नव्हती.

"कागद उलटव," तो म्हणाला.